मैदान भरावे कसे आणि खेळाडू घडावा कसा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. तेव्हापासून या प्रकारच्या व्यासपीठावर इतिहास, वेदान्त, अर्थकारण, साहित्य असे भारदस्त विषय मांडले जातात. त्या मानकऱ्यांच्या पंगतीत आज मी खो-खोला आणून बसवीत आहे. कोणाला हे थोडे विचित्र वाटेल. पण ज्या गावी व्याख्यान द्यावयाचे, त्या गावाच्या स्वतःच्या कर्तृत्वाविषयी बोलावे, असा विचार मी केला. आणि धाराशिवचे नाव अलीकडच्या काळात देशभर ज्या गोष्टींनी गेले, त्यांत खो-खो फार वरच्या जागी आहे.

प्रारंभीच आपणांस एक प्रश्न विचारतो. हात वर करण्याची आवश्यकता नाही. मनातल्या मनात उत्तर द्यावे. गेल्या वर्षभरात आपल्यापैकी किती जणांनी खो-खोचा एखादा सामना पहिल्या पाळीपासून शेवटच्या पाळीपर्यंत बसून पाहिला? आपल्या जिल्ह्यातील खेळाडूने पदक आणल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली असेल. मिरवणुकीत गुलालही उधळला असेल. पण सामना? माझे स्वतःचे उत्तर फारसे अभिमानास्पद नाही, हे आधीच कबूल करतो.

आता या जिल्ह्याची जमेची बाजू पाहू. २०१६ साली गुवाहाटी येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धा झाल्या. तेथे भारताच्या महिला खो-खो संघाने सुवर्णपदक मिळविले. त्या संघाची कर्णधार होती आपल्या जिल्ह्याची सारिका काळे. तिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला हा सन्मान बावीस वर्षांनी आला होता. घरी दिवसातून एकाच वेळी जेवण मिळे, असेही दिवस आपण काढले, हे तिने त्या वेळी मोकळेपणाने सांगितले. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये, शहराचे कागदोपत्री नाव उस्मानाबाद असताना, पुरुष आणि महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा येथेच भरली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही नेपाळला हरविले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. आणि महिलांच्या त्या संघात आपली अश्विनी शिंदे होती.

ज्या जिल्ह्यात पाऊस बेभरवशाचा आणि कारखानदारी बेताची, त्या जिल्ह्याने एवढे द्यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. त्यामागे काही मार्गदर्शकांची अनेक वर्षांची पहाटेची आणि संध्याकाळची मेहनत आहे. परंतु राष्ट्रीय स्पर्धेच्या दिवसांत गजबजणारे मैदान एरवीच्या संध्याकाळी कसे दिसते? पंधरा-वीस मुलेमुली, एक शिक्षक, आणि कडेला कोणाची तरी वाट पाहत थांबलेले दोन पालक. खेळाडू आहेत, कीर्ती आहे, पण पाहणारा नाही. मैदान कसे भरावे आणि नवा खेळाडू कसा घडावा, हे दोन प्रश्न आपण वेगवेगळे समजतो. पहिला संघटकांचा, दुसरा शिक्षकांचा. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की, हा एकच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही एकाच मैदानावर सापडते.

हे पटविण्यासाठी आपणांस थोडे दूर, इंग्लंडात नेतो. तेथे स्पीडवे नावाची मोटारसायकलींची शर्यत असते. लंबवर्तुळाकार, भुसभुशीत मातीचा मार्ग, एका वेळी चार स्वार, चार फेऱ्या, आणि गाडीला ब्रेकच नाही! वळणावर मागचे चाक मुद्दाम घसरवीत जावयाचे. सारा मामला सुमारे एका मिनिटात आटोपतो. १९२८ साली लंडनजवळ हाय बीच येथे झालेल्या शर्यतींनी हा खेळ तेथील लोकांच्या डोळ्यांत भरला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत लंडनच्या वेंब्ली मैदानावर त्याला पन्नास हजारांच्या घरात लोक लोटत. पुढे करमणूक कर वाढला, दूरचित्रवाणी घरोघर आली आणि गर्दी ओसरू लागली. कित्येक मैदाने क्लबांच्या मालकीची नव्हतीच. मालकाला जागेचे दुसरे काही करावेसे वाटले की खेळ रस्त्यावर आला. कॉव्हेन्ट्रीचे जुने मैदान २०१६ नंतर बंद पडले, वुल्व्हरहॅम्प्टनचे २०२३ नंतर.

आपल्याला या गोष्टीचे काय करावयाचे, असे आपण म्हणाल. मला त्यातून दोन बोध होतात. पहिला असा. तेथे लोक गाड्या पाहण्यास येत, त्याहून अधिक आपल्या गावचा संघ पाहण्यास येत. पुढे पुढे एकच स्वार इंग्लंडात एका संघाकडून, पोलंडात दुसऱ्याकडून, स्वीडनमध्ये तिसऱ्याकडून धावू लागला. इंग्लंडातल्या इंग्लंडातही काही स्वार दोन संघांत दिसू लागले. स्वाराचे पोट भरण्यासाठी ते आवश्यक असेल. त्याला दोष देता येत नाही. पण कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाला ‘हा आमचा’ असे म्हणणे अवघड झाले. दुसरा बोध असा. पूर्वी संघांचा मुख्य सामना संपला की त्याच संध्याकाळी, त्याच प्रेक्षकांसमोर, काही जादा शर्यती होत आणि त्यांत नवशिक्या पोरांना संधी मिळे. प्रेक्षक त्यांना हसत, टाळ्या वाजवीत आणि त्यांची नावे लक्षात ठेवीत. तीन वर्षांनी त्यांतलाच एखादा मुख्य संघात आला की गावाला वाटे, हा आपण घडविला. हा प्रघात पुष्कळ ठिकाणी मागे पडला आणि नवा स्वार लोकांच्या नजरेआड शिकू लागला.

हे ऐकताना आपणांपैकी वडीलधाऱ्यांना काही आठवले असेल. इंग्लंडात जाण्याची गरजच नव्हती! आपल्या जत्रेतला कुस्तीचा फड आठवा. मोठ्या जोडीच्या आधी काय होते? रेवड्यांच्या कुस्त्या. सहा-सात वर्षांची पोरे लंगोट सावरीत मातीत उतरतात. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या, हरणाऱ्याच्याही पाठीवर थाप. मग नारळाची कुस्ती, मग रकमेच्या, आणि शेवटी मानाची. जो समुदाय शेवटच्या कुस्तीला श्वास रोखून धरतो, त्याच समुदायापुढे त्या पोराने पहिली माती अंगाला लावलेली असते. गर्दी आणि शिक्षण या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी वेगळ्या केल्याच नव्हत्या. त्या आपण वेगळ्या केल्या.

आता खो-खोकडे वळू. या खेळाला नियमांची चौकट १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने दिली. अखिल भारतीय पातळीवर तो उभा करण्यात भाई नेरूरकरांसारख्या कार्यकर्त्यांनी आयुष्य वेचले. १९५९-६० साली विजयवाड्याला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. नऊ-नऊ मिनिटांच्या चार पाळ्या, दोन खांब, मधली पाटी, आणि पाठलाग करणाऱ्याने मागे वळावयाचे नाही हा कडक नियम. या खेळाला साहित्य जवळजवळ काहीच लागत नाही. म्हणूनच तो गरिबाच्या शाळेत रुजला.

२०२२ साली ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली. मातीऐवजी मॅट आली, पाळी सात मिनिटांची झाली, कोणत्याही दिशेला धावू शकणारा ‘वजीर’ आला, आणि पळणारी तुकडी बराच वेळ टिकली तर तिलाही गुण मिळू लागले. जुन्या जाणत्यांना यातले काही रुचले नाही. मला मात्र हे बदल एकंदरीत योग्य वाटतात. पूर्वी उत्तम पळणाऱ्याचे कौतुक घड्याळात होई, फलकावर दिसत नसे. आता तेही गुणांत दिसते आणि खेळ न जाणणाऱ्यालाही सामना कोणाकडे झुकला आहे हे कळते. खेळ सुबोध करणे म्हणजे तो पातळ करणे नव्हे. कबड्डीनेही २०१४ पासून व्यावसायिक स्पर्धेच्या रूपाने हाच मार्ग धरला आणि ती घरोघर पोहोचली.

पण या चित्रात एक उणीव आहे. अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम सबंध पुण्यात बालेवाडीला झाला, दुसरा २०२३-२४ मध्ये सबंध कटकला. संघांची नावे चेन्नई, गुजरात, राजस्थान अशी; पण संघ आपल्या गावी, आपल्या लोकांसमोर खेळलाच नाही. दूरचित्रवाणीवर खेळ दिसला, खेळाडूच्या हाती दोन पैसे आले, ही मोठीच गोष्ट आहे. मात्र त्या पडद्यावरून मैदानाकडे येणारी वाट कोणी बांधलेली नाही. ती दिल्लीतून किंवा पुण्यातून बांधता येणार नाही. ती गावातच बांधावी लागेल.

आता खेळाडू कोठे गळतो ते पाहू. येथे मला माझ्या नोकरीतील एक गोष्ट सांगावीच लागेल. मी अनेक वर्षे शाळेत शिकविले. इयत्ता आठवीत एक मुलगी होती. नाव सांगत नाही. खांबाजवळ ती अशी हुलकावणी देई की पाठलाग करणारी मुलगी खांबाच्या पलीकडे जाऊन पडे. तालुक्याचे सामने आम्ही तिच्या जोरावर जिंकले. पुढच्या फेरीची तयारी चालू असतानाच दिवाळी झाली आणि ती शाळेत येईनाशी झाली. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती; टोळीबरोबर सारे घर ऊसतोडीला गेले. धाकट्या भावाला सांभाळण्यास आणि पाचटात मोळ्या बांधण्यास तीही गेली. पाडव्याच्या सुमारास परत आली तेव्हा तिच्या हातांना घट्टे पडले होते. चार दिवस मैदानावर आली, कडेला बसली. मी म्हटले, ‘पुढच्या वर्षी बघू.’ पुढच्या वर्षी ती आलीच नाही. तिचे लग्न ठरल्याचे मला उशिरा कळले. मी तिच्या घरी एकदाही गेलो नव्हतो. तिच्या खेळाला टाळ्या वाजविणारे शंभर लोक गावात असते, तर त्यांतला कोणी तरी गेला असता, असे मला आजही वाटते. पण तिचा खेळ पाहिला होता कोणी? मी आणि तिच्या बरोबरीच्या अकरा मुलींनी.

भूम, परंडा, वाशी, कळंब या भागांतून दरवर्षी शेकडो घरे अशी उठतात. शालेय स्पर्धा तालुक्यापासून जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. नेमका वरच्या पायऱ्यांचा काळ आणि टोळ्या निघण्याचा काळ एकमेकांवर येतात. दुसरी गळती दहावीनंतरची. मुलगा रोजगाराच्या शोधात पुण्यामुंबईकडे जातो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. तिसरी गळती आहाराची. दोन तास धावून घरी भाकरी आणि ठेचाच मिळत असेल, तर चपळाई किती दिवस टिकेल? चौथी गोष्ट मॅटची. मोठे सामने मॅटवर आणि सराव मातीवर, अशाने पहिल्याच फेरीत खेळाडूचा पाय चुकतो.

मग करावे काय? मी मोठमोठ्या क्रीडासंकुलांची मागणी करणार नाही. गावाने मनावर घेतले तर यंदाच्या दसऱ्यापासून सुरू होईल एवढेच सांगतो.

आपल्या जिल्ह्यात आठ तालुके आहेत: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी. आठ तालुक्यांचे मुलांचे आणि मुलींचे संघ करावेत. तीन दिवसांत उरकण्याच्या स्पर्धेऐवजी, दर शनिवारी संध्याकाळी एका गावी एक सामना, असा हंगाम आखावा. प्रत्येक संघाने आपल्या गावी खेळावे आणि दुसऱ्याच्या गावीही जावे. बाजाराचा वार जसा सांगावा लागत नाही, तसा खो-खोचा वार लोकांच्या अंगवळणी पडला पाहिजे. वर्षातून एकदा येणारी गर्दी जत्रेची असते. दर आठवड्याला येणारी माणसेच खेळ जगवितात.

मुख्य सामन्याआधी दहा-बारा वर्षांच्या मुलांचा एक डाव ठेवावा. त्यांना खुशाल रेवड्याच द्याव्यात! पण त्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून, गावासह, स्पष्ट पुकारावीत. ज्या मुलाचे नाव एकदा चारशे लोकांसमोर पुकारले गेले, तो दुसऱ्या दिवशी सरावाला येतोच. आणि त्याच्याबरोबर त्याची आई, आजी आणि दोन शेजारी पुढच्या शनिवारी मैदानावर येतात. गर्दी वाढविण्याचा याहून स्वस्त उपाय मला ठाऊक नाही.

मैदानावर मोठा गुणफलक असावा. खेळ जाणणाऱ्या एखाद्या माजी खेळाडूने दोन वाक्यांत काय झाले ते सांगत जावे: हा गडी सुरात टिपला, ही मुलगी खांबाशी सव्वादोन मिनिटे पळाली. स्त्रियांना निर्वेधपणे बसता येईल अशी जागा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह असावे. ही व्यवस्था नसेल तर अर्धे गाव आपण दाराबाहेरच ठेवतो, आणि मग मुली खेळत नाहीत म्हणून हळहळतो.

जे पालक स्थलांतर करतात, त्यांच्या मुलांसाठी गावोगाव हंगामी वसतिगृहांची योजना आहे. खेळणाऱ्या मुलांची यादी शिक्षकाने दिवाळीआधीच तयार करावी आणि क्रीडाप्रेमी मंडळींनी त्या त्या घरी जाऊन, ‘मुलीला येथे ठेवा, आम्ही पाहतो’, असे सांगावे. केवळ सांगून भागणार नाही. खरोखर पाहावे लागेल. सरावानंतर शेंगदाणे, गूळ, अंडी किंवा दूध यांचा खर्च व्यापारी मंडळींनी वाटून घेतला तर तो एकेकाला जड जाऊ नये. गणेशोत्सवाची वर्गणी देणारे गाव एवढे करू शकते.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. ‘गुरुजी, खेळून पोट भरते का?’ प्रश्न रास्त आहे, आणि ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याला तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. रेल्वेसारख्या संस्था खो-खोपटूंना नोकरीत घेतात. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. सारिका काळे हिलाही पुढे क्रीडा अधिकारी म्हणून शासकीय सेवेत जागा मिळाली. पण मी तुमची दिशाभूल करणार नाही. शंभरांत दोघा-चौघांनाच अशी जागा मिळेल. उरलेल्या शहाण्णवांचे काय? त्यांच्यासाठीच तर गावचा हंगाम हवा. नोकरीसाठी खेळणारा निवड झाली नाही की मैदान सोडतो. गावासाठी खेळणारा पुढे पंच होतो, मार्गदर्शक होतो, निदान प्रेक्षक तरी होतो. आणि आपली मुलगी मैदानावर पाठविणारा बाप होतो. खेळाचा उत्तम प्रेक्षक तोच, जो कधी काळी स्वतः पाटीवर उकिडवा बसला होता.

दुसरा आक्षेप असा की, लोकांना आता क्रिकेटखेरीज काही आवडत नाही. मला हे पटत नाही. लोकांना आपला माणूस आवडतो. उमरग्याचा मुलगा आणि परंड्याचा मुलगा समोरासमोर आले, आणि पाहणाऱ्याला दोघांची घरे ठाऊक असली, तर तेथे कोणता खेळ चालला आहे हा प्रश्न दुय्यम ठरतो.

श्रोतेहो, खो-खोत एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. पाठलाग करणारा थकला, किंवा त्याची दिशा चुकली, तर तो बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ म्हणतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. बसलेल्याने आपण होऊन उठावयाचे नाही. कोणी तरी खो दिलाच पाहिजे. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी मुलेमुली आज अशीच पाटीवर, उठण्याच्या तयारीत बसली आहेत. त्यांना खो देण्याचे काम एकट्या शिक्षकाचे नाही.

म्हणून आपणांकडे मागणे एवढेच. येत्या शनिवारी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, आपल्या घराजवळच्या मैदानावर अर्धा तास जाऊन उभे राहा. खेळणाऱ्यांपैकी एका मुलाचे किंवा मुलीचे नाव विचारा, आणि ते लक्षात ठेवा. दिवाळीनंतर ते मूल दिसले नाही, तर चौकशी करा. मी जी केली नाही, ती आपण करावी.